भिंतीकडे तोंड करून

१

सकाळी उठायचं, चहा टाकायचा, लॅपटॉप उघडायचा आणि मेलेल्या माणसासाठी रडणाऱ्या तीन बायका ऐकायच्या. गेल्या हिवाळ्यात माझा हाच दिनक्रम होता. आमच्या राजधानीत, बिश्केकमध्ये, हिवाळ्यात कुणी खिडकी उघडत नाही. कोळशाचा धूर इतका साचलेला असतो की समोरची इमारत भर दुपारीही कुणीतरी खोडरबरानं पुसल्यासारखी दिसते. माझं टेबल भिंतीला लावलेलं आहे. पाठीमागे पडदा, पडद्याआड माझी खाट आणि आयुष्यभर जमवलेल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. एकट्या माणसाला एवढं घर पुरतं.

ज्या माणसासाठी त्या रडत होत्या त्याचं नाव तालाय. डोंगरातल्या तेरेक-बुलुन गावचा मेंढपाळ. उन्हाळी कुरणावर सोनं शोधणाऱ्या कंपनीच्या गाड्या चढायला लागल्या तेव्हा हा वाटेत घोडा आडवा घालून उभा राहिला. मी त्याच बातमीसाठी गावात गेलो होतो. त्याला ठाण्यात नेलं. दोन दिवसांनी संध्याकाळी एका बंद गाडीतून परत आणून दिला, लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळून, वरून दोरीनं आवळून. हृदय बंद पडलं म्हणे. सोबत डॉक्टरच्या सहीशिक्क्याचा कागद. उन्हाळ्याचे दिवस आहेत, सोडू नका, उद्याच पुरा, असं सांगणाऱ्या साहेबाचा अंगठा कमरेच्या पट्ट्यात होता आणि पट्ट्याला काय लटकत होतं ते सगळ्यांना दिसत होतं.

मी पाहिलं ते सगळं लिहून पाठवलं. छापून काय आलं, तर ‘स्थानिक रहिवाशाचे आकस्मिक निधन’. शेजारी टोमॅटोच्या भावाची बातमी होती, ती याच्या दुप्पट मोठी. मी संपादकाच्या खोलीत जाऊन काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर लवकरच, मला विश्रांतीची गरज आहे ही गोष्ट वर्तमानपत्राच्या ध्यानात आली.

तालायला आणून दिला त्या संध्याकाळी त्याच्या अंगणात युर्त उभी केली. आमच्याकडे मेलेल्या माणसाला घरात ठेवत नाहीत. नमद्याच्या त्या गोल तंबूत एका बाजूला पडद्याआड त्याला ठेवतात, दुसऱ्या बाजूला घरच्या बायका बसतात. भिंतीकडे तोंड करून. पडद्याकडे पाठ, दाराकडे पाठ, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाठ. आणि गातात. आम्ही त्याला कोशोक म्हणतो. पुरुष बाहेर काठीवर रेलून रडतात. आत जायची आम्हाला मुभा नसते.

कोशोकमध्ये बाई काहीही म्हणू शकते. कुणाचंही नाव घेऊ शकते, कुणालाही शाप देऊ शकते. ते भिंतीला सांगितलेलं असतं, त्याबद्दल नंतर तिला कुणी जाब विचारत नाही. खरं बोलायला या देशानं एवढीच जागा शिल्लक ठेवली आहे, आणि तिथंही बोलणारीचं तोंड भिंतीकडे असतं.

माझा रेकॉर्डर आत गेला तो तालायच्या बहिणीमुळे, नुरीपामुळे. तिनं तो माझ्या हातातून घेतला, बंडीत लपवला आणि आत जाऊन भिंतीला लावलेल्या रजयांच्या ढिगावर ठेवला, तिघींच्या तोंडासमोर. आई काय म्हणते ते कुणीतरी ठेवून घेतलं पाहिजे, एवढंच ती मला म्हणाली.

आई म्हणजे सोनून आपा. तालायला आत नेण्याआधी तिनं नमद्याच्या फटीतून आत हात घातला होता. तेवढा एकच हात त्याच्यापर्यंत पोचला. तिनं काय पाहिलं, काय चाचपलं, हे तिनं नंतर कुणालाही सांगितलं नाही, आणि पुढच्या वसंतात तीही वारली. दुसऱ्या दिवशी तालायला आंघोळ घालणाऱ्या पुरुषांपैकी एकजण आता कंपनीची गाडी चालवतो. बाकीच्यांना काही आठवत नाही.

उरली बायको, सायकाल. तिनं नवऱ्याची कबर उघडून तपासा असा अर्ज केला. गावानं तिच्याशी बोलणं टाकलं. नवऱ्याची माती उकरायला निघालेली बाई, म्हणून विहिरीवर तिच्या वाटेतून लोक बाजूला होत. वकील म्हणत होता की सोनून आपाचे शब्द रेकॉर्डिंगमधून स्वच्छ काढता आले, तर न्यायाधीशाला आदेश नाकारणं जड जाईल. सायकालला एकच गोष्ट हवी होती. आपला माणूस कसा गेला ते कळायला हवं होतं.

अडचण एवढीच होती की तिघी एकाच वेळी गात होत्या. माझ्या कानात घालायच्या बोंडांतून तिन्ही आवाजांची मिळून एकच कणीक व्हायची.

२

इस्खार माझा जुना मित्र. दुंगान आहे, म्हणजे चिनी वंशाचा मुसलमान, आयुष्यभर रेडिओवर ध्वनिमुद्रण केलं, आणि जीभ अशी की रेडिओनं त्याला कधी बोलू दिलं नाही हे बरंच झालं. माझी बोंडं त्यानं दोन बोटांत धरून मेलेल्या झुरळासारखी लांब केली. दुसऱ्या दिवशी तो मोठ्या वाटीएवढे हेडफोन घेऊन आला. त्यांच्या वाट्यांना मागून झाकणच नव्हतं, नुसती जाळी.

“हे उघड्या पाठीचे,” तो म्हणाला. “बंद हेडफोन म्हणजे डोक्यावर पातेलं. यात आवाजाला मागून जायला वाट असते, म्हणून माणसं आपापल्या जागी बसलेली ऐकू येतात. फक्त एक आहे. घरातलं सगळं तुझ्या कानात येणार आणि तू ऐकतोस ते सगळं घराला ऐकू जाणार. बायकोपासून काही लपवायचं असलं तर उपयोगाचे नाहीत. तुझी पळून गेली म्हणून तुला आणले.”

मी ते लॅपटॉपला जोडले. आवाज असा आला की बायका शेजारच्या इमारतीत आणि त्यांच्यावर पाच-सहा पांघरुणं. मी तसं म्हणालो. त्यावर तो लॅपटॉपकडे आणि मग माझ्याकडे पाहत म्हणाला, घोडा आणून दिला, तर हा त्याला मांजराच्या वाटीत दूध पाजतोय.

दोर्दोय बाजारातून त्यानं एक चिनी ॲम्प्लिफायर आणला. विटेएवढा काळा डबा, पुढे एक गोल बटण, मागे जोर कमी-जास्त करायची कळ. माझ्या पेन्शनीला झेपेल असा. मी विचारलं, स्वस्तातलं हे भिकार तर नसेल? तेव्हा त्यानं महागडी यंत्रं घेणाऱ्यांवर एक लांबलचक व्याख्यान दिलं, त्यात माझ्या संपादकाचाही उद्धार झाला. सार असं की हे हेडफोन हट्टी जातीचे, त्यांना ढकलायला जोर लागतो. लॅपटॉपमध्ये तो नाही, या डब्यात आहे. बाकी सगळं कौतुकाचे पैसे.

त्यानं मागची कळ वर केली, पुढचं बटण हळूहळू फिरवलं, आणि माझ्या डोक्याभोवती युर्त उघडली.

दुसरा शब्द माझ्याकडे नाही. डावीकडे सायकाल, इतकी जवळ की गाताना तिचे ओठ सुटलेले कळत होते. मधे सोनून आपा, जराशी मागे, घशात खरखर. उजवीकडे नुरीपा. त्यांचे आवाज समोरच्या रजयांवर आपटून मऊ होत होते. वर छताच्या भोकाची दोरी वाऱ्यानं लाकडाला घासत होती. लांब बाहेर आम्ही पुरुष. त्यात मी माझाही हुंदका ओळखला आणि तो मला नाटकी वाटला.

“बसल्या ना जागेवर?” इस्खारनं विचारलं. माझे डोळे पाहून तो उठला आणि गुपचूप चहा टाकायला गेला.

३

त्यानंतर काम भराभर सरकू लागलं. एका आवाजावर लक्ष धरायचं, बाकी दोघींना कडेला बसू द्यायचं. सोनून आपा बाकीच्यांपेक्षा हळू गात होती. ती मुलाला शिंगरू म्हणत होती, त्याच्या घोड्याचं वर्णन करत होती, त्यानं लहानपणी वाहत्या ओढ्यातून काढलेल्या कोकराची आठवण सांगत होती. सगळ्या आया म्हणतात तसंच. मी लिहून घेत होतो.

तिच्या दोन कडव्यांच्या मधे ती दम घेई. तेव्हा बाकीच्या दोघींचाही दम कधीकधी त्याच वेळी संपे. अशी क्षणभर शांतता झाली की मागून कुणाचा तरी श्वास ऐकू येई.

पहिल्यांदा मी त्याची दखलही घेतली नाही. तंबूत माणसं होती, माणसं श्वास घेतात. मग मी जागा पाहिली. तिघी माझ्यासमोर होत्या. हा त्यांच्या पाठीमागे होता, लांब, जमिनीलगत, उजव्या अंगाला. आणि त्याचा ताल रडणाऱ्या माणसाचा नव्हता. आत घेतलेला श्वास बारीक, अडखळत जाणारा, जाड कापडातून ओढल्यासारखा. मग बराच वेळ काही नाही, इतका वेळ की आपणच बेचैन व्हावं. मग सुटलेला.

मी बातमीदार माणूस. गावात चेटूक झालं, मशिदीच्या चिनारातून रक्त आलं, असल्या बातम्या घेऊन येणाऱ्या पोरांना मी खोलीबाहेर काढत आलो. म्हणून मी शहाण्यासारखा एकेक कारण खोडत गेलो. डब्याची स्वतःची सळसळ असेल म्हणून मागची कळ खाली केली. तिघींचे आवाज मागे हटले, श्वास होता तिथंच, होता तेवढाच. घर तापवणाऱ्या वाफेच्या नळातलं पाणी असेल म्हणून नळाला हात लावून बसलो. छताची दोरी म्हणावी तर ती वर होती, हे खाली. शेवटी उरलो मी स्वतः. उघड्या पाठीचे हेडफोन, घरातलं सगळं आत येणार, माझंच नाक वाजत असेल. मी श्वास रोखून धरला.

तो रोखला गेला नाही. कापडातून ओढल्यासारखा आत गेला, थांबला, आणि मी डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत थांबलो तरी बाहेर आला नाही. मी धापा टाकत तोंड उघडलं तेव्हा तो सुटला.

४

इस्खारला मी फोनवर काही सांगितलं नाही. नुसतं ये म्हणालो. तो दुपारी आला, गल्लीतून आश्ल्यान-फूचा डबा घेऊन, आणि त्या थंडगार आंबट-तिखट शेवयांचे भुरके मारत त्यानं सगळं ऐकलं. मग हात पुसले, हेडफोन घातले, डोळे मिटले. बराच वेळ त्याचा चेहरा हलला नाही. कामात असला की तो असाच दिसतो, जरा देखणा.

“आहे,” तो म्हणाला. मग पिशवीतून स्वतःचे बंद हेडफोन काढले, पातेलं म्हणायचा तेच, आणि त्याच डब्याला जोडून तीच जागा परत लावली. पुन्हा लावली. माझ्या डोक्यावरही चढवले.

त्यात श्वास नव्हता. तिघी होत्या, खोक्यात कोंबल्यासारख्या. वारा होता. मागे काही नाही.

इस्खार मोकळा झाला. त्याच्या दृष्टीनं निकाल लागला होता. जे बंद हेडफोनात नाही ते रेकॉर्डिंगमध्ये नाही. ते तुझ्या खोलीतलं आहे, वरच्या मजल्यावरचं, नळातलं, किंवा तुझ्या म्हाताऱ्या छातीतलं. तो मला बोकड म्हणाला आणि उरलेल्या शेवया संपवायला बसला. मला मात्र काम पुरं करायचं होतं. मी उघड्या पाठीचे हेडफोन पुन्हा घातले, भिंतीकडे वळलो आणि सोनून आपाचं एक कडवं परत लावलं. शांततेची ती जागा आली तसा मी आपोआप दम धरला. आता सवयच झाली होती.

माझ्या खांद्यावर इस्खारचा हात पडला.

“जरा तोंड मिटून श्वास घे,” तो वैतागून म्हणाला. “केवढ्यानं ओढतोयस. मला इथं बसून ऐकू येतंय.”

मी वळून त्याच्याकडे पाहिलं. माझे गाल फुगलेले होते, ओठ घट्ट मिटलेले. ते त्याला दिसलं. त्याच्या हातातला चमचा वाटीच्या काठावर टेकलेला राहिला. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत होतो आणि दोघंही श्वास घेत नव्हतो.

त्यानंतर तो फार वेळ बसला नाही. बायको वाट बघत असेल म्हणाला. वाटी न धुता ठेवून गेला, आणि इस्खार कधी वाटी न धुता जात नाही.

५

सोनून आपाचं शेवटचं कडवं मला त्या आठवड्यात मिळालं. त्यातला शेवटचा भाग सायकालच्या चढ्या आवाजाखाली गाडलेला होता. शब्द असे होते:

“शिंगरा माझ्या, तुझा हात मी धरला,
तुझ्या तळव्यात उन्हाळा शिल्लक होता.
कागद म्हणतो तू गार, माझा हात म्हणतो नाही.
शिक्का मारलेल्या कागदापुढं बाईच्या हाताला कोण विचारतं?”

त्यातल्या पहिल्या दोन ओळी त्या संध्याकाळी आम्हा सगळ्यांना बाहेर ऐकू आल्या होत्या. त्या ऐकून पुरुषांचा हुंदका वाढल्याचं रेकॉर्डिंगमध्येही कळतं. कोशोकमध्ये असंच म्हणतात. मेलेल्याचा हात गरम असतो, डोळे मिटलेले नसतात, तो नुसता निजलेला असतो, आत्ता उठेल. चांगली गाणारी बाई असं म्हणते आणि ऐकणारे मान हलवतात. सोनून आपा चांगली गात होती. आम्ही मान हलवली.

मी पेन खाली ठेवला.

माझ्या हातात काय आलं होतं ते मला कळत होतं. मारहाण झाली, ठाण्यात मेला, डॉक्टरनं न बघता सही केली, एवढंच आम्ही सिद्ध करू पाहत होतो. आणि ही बाई सांगत होती की ठाण्यात तो मेलाच नाही. न बघता सही केली म्हणजे खरोखरच कुणी बघितलं नाही. जिवंत माणूस नमद्यात बांधून, शिक्का मारून घरी पोचवला. त्याला पडद्याआड ठेवलं. आणि रात्र सरेपर्यंत त्याच्या आई-बायको-बहिणीनं हाताच्या अंतरावर, त्याच्याकडे पाठ करून, त्याच्यासाठी इतक्या मोठ्यानं गायलं की मागचं काही ऐकू येऊ नये.

आईच्या हाताला कळलं होतं. पण कागदावर सही होती. ज्या देशात शिकलेली माणसं शिक्का दिसला की स्वतःचे डोळे मिटून घेतात, तिथं एका म्हातारीनं आपल्या हातावर विश्वास ठेवला नाही म्हणून तिला कोण बोलणार? तिनं ते जिथं सांगायची परवानगी होती तिथं सांगितलं. भिंतीला.

मला उठून कुणाच्या तरी नरडीला हात घालावासा वाटला. त्या साहेबाच्या, डॉक्टरच्या, टोमॅटोचे भाव छापणाऱ्याच्या. घरात कुणी नव्हतं. म्हणजे कुणी नव्हतं असं मी त्या वेळी धरून चाललो होतो.

तेवढ्यात ध्यानात आलं की मला दोनांतलं एक निवडायचं आहे. श्वास रेकॉर्डिंगमधला असेल, तर तालाय त्या रात्री जिवंत होता. इस्खार म्हणतो तसा माझ्या खोलीतला असेल, तर तालाय ठाण्यातच मेला, तिथल्या तिथं, आणि त्यानंतर तो कुठं भटकत असेल तर भटको बापडा. आयुष्यभर भुतांच्या बातम्या केराच्या टोपलीत टाकणारा मी, त्या दुपारी टेबलाशी बसून मनापासून मागत होतो की माझ्या घरात भूत असू दे.

६

सायकाल आली ती सामाईक टॅक्सीनं, पहाटे निघून, जेवणाच्या वेळेला पोचली. पिशवीत सुकवलेल्या दह्याचे गोळे, लोण्याची बरणी आणि नवे लोकरी मोजे. ती मला बाइके म्हणते, म्हणजे थोरला भाऊ. दारातच तिनं आत नजर टाकून विचारलं, “बाइके, या घरात माणूस राहतो की कागद?” मग बूट काढले आणि मी नको म्हणत असताना स्वयंपाकघरातली भांडी धुवून टाकली. इस्खारची वाटीही. चहा पिताना तिनं गावाकडचं सांगितलं. नुरीपाला सासरच्यांनी कोर्टात येऊ नको म्हणून बजावलं होतं. मोठ्या दिरानं कबरीवरून शपथ घालून पाहिली होती. हे सगळं ती हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलली.

उद्या सुनावणी होती. मी तिला सोनून आपाचे लिहून काढलेले शब्द दिले. शेवटचं कडवं मी त्यात घातलं नव्हतं. ते वकिलाला वेगळं द्यायचं, त्यानं न्यायाधीशापुढे ठेवायचं, आणि तोपर्यंत हिला झोपू द्यायचं, असा माझा बेत होता.

तिनं वाचून कागद घडी करून ठेवला.

“आपाचंच आहे. पण शेवटचं तुम्ही गाळलंत,” ती म्हणाली. “मी तिच्या शेजारी बसले होते, बाइके. तिचा कोपर माझ्या कोपराला लागत होता. ती शेवटी काहीतरी म्हणाली आणि थरथरली. मला ऐकू आलं नाही.”

मी म्हणालो की तिथं आवाज नीट लागत नाही. तिनं घडी केलेला कागद परत माझ्यापुढे सरकवला. मग मी म्हणालो की आधी वकिलाला ऐकू दे.

“वकील ऐकणार, न्यायाधीश ऐकणार, तुम्ही ऐकलंत, तुमच्या मित्रानं ऐकलं. नवरा कुणाचा होता?”

मी माझी खुर्ची तिला दिली. तिनं ती उचलून उलटी फिरवली, टेबलाकडे पाठ, खोलीकडे तोंड.

“भिंतीकडे तोंड करून एकदा बसलेय,” ती म्हणाली. “पुरे झालं.”

मी शेजारी स्टुलावर बसलो, डब्यापाशी, भिंतीकडे तोंड करून. हेडफोन तिच्या रुमालावरून नीट बसवले, वायर खांद्यावरून घेतली आणि बटण हळू फिरवलं. जाळीतून तिघींचे आवाज बाहेर झिरपू लागले, डासांसारखे बारीक. सायकालचे ओठ आपल्या शब्दांबरोबर हलत होते. मी मान थोडी वळवून तिचा गाल पाहत होतो. शेवटचं कडवं आलं तसे ओठ थांबले. कडवं संपलं. तिनं हातानं खूण केली, पुन्हा लावा. मी लावलं. आणखी एकदा.

“मी सगळ्यांत मोठ्यानं रडत होते,” ती म्हणाली. आवाज शांत होता. “बाहेरच्यांना ऐकू गेलं पाहिजे ना. आवाज पडला तर बायकोनं नवऱ्याला नीट रडलं नाही म्हणतात. नुरीपा दमली की मी तिला चिमटा काढायचे.”

मी काहीतरी बोललो. कुणाचा दोष नाही, असं काहीतरी. असल्या वाक्यांवर मी इतरांच्या लेखांत लाल रेघ मारत आलो आहे.

“आणि हा?” तिनं विचारलं.

“कोण?”

“श्वास.”

यंत्राचा आवाज आहे, मी म्हणालो. चिनी आहे, स्वस्तातला आहे, इस्खारनं तपासलाय. माझं बोलणं तिच्या कानावर जात होतं की नाही कोण जाणे. तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. तिन्ही बायका लगेच लहान झाल्या, लांब गेल्या.

श्वास लहान झाला नाही. तो माझ्या पाठीमागे होता, उजव्या अंगाला, जमिनीलगत. जाड कापडातून ओढल्यासारखा आत गेला आणि थांबला.

मी भिंतीकडे पाहत होतो. भिंतीवर जुन्या कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक आहे, त्याकडे. लॅपटॉपचा पडदा मधेच विझून काळा झाला होता आणि त्याच्या काचेत खोली दिसत होती, अंधुक, धुरातल्या शहरासारखी. सायकालची पाठ. तिच्यापलीकडे माझ्या खाटेचा पडदा, हलत नसलेला. पडद्याच्या खालच्या काठाशी फरशीवर दोरीचं एक टोक पडलेलं होतं, पिळदार, जाड, मेंढपाळ वळतात तसलं. माझ्या घरात दोरी नाही.

खुर्ची करकरली. सायकाल पुढे वाकली होती. तिनं जे विचारलं ते मला नव्हतं, आणि ज्या सुरात विचारलं तो मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. कोशोकमध्ये नाही, कोर्टात नाही. पहाटे चूल पेटवताना बायको निजलेल्या नवऱ्याला विचारते, तो सूर होता.

“थंडी वाजतेय का?”

मागे सुटका झाल्यासारखा श्वास सुटला. पडद्याची एक कडी दांडीवर सरकली.

ती उठली. हेडफोन खुर्चीवर ठेवलेले मला कळले. ते चालूच होते. “आले,” ती म्हणाली, आणि तिचे मोजे घातलेले पाय फरशीवरून पलीकडे निघाले.

मला फक्त वळायचं होतं. बाकी काही नाही, नुसती मान वळवायची होती. आयुष्यभर मी लोकांवर ओरडत आलो आहे, संपादकांवर, डॉक्टरांवर, शेजाऱ्यांवर, की तुम्ही बघितलं का नाही. माझा हात टेबलावर होता, डब्यापाशी. तो बटणावर गेला आणि उजवीकडे फिरू लागला. आणखी फिरला. खुर्चीवरच्या त्या उघड्या जाळ्यांमधून तिघींचा आक्रोश वर चढला, नुरीपा, सोनून आपा आणि सगळ्यांत मोठी सायकाल. तो खोलीभर झाला. मी बटण शेवटपर्यंत नेलं, पाठीमागचं काहीच ऐकू येईनासं होईपर्यंत, आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहिलो.